पाणी घेतलं का?

आमच्याकडं नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरात सोयरीक जमवायला बसलं, की शेती किती, नोकरी कुठं हे मागाहून येतं. आधी एक प्रश्न असतो, "पोरीनं पाणी घेतलंय का?" पाणी म्हणजे बाप्तिस्मा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ह्या प्रश्नाला आणखी एक शेपूट फुटलंय, "घेतलंय, पण कोणतं? शिंपडलेलं का बुडवलेलं?" याद्या झालेलं, कपडे काढलेलं एक लग्न ह्या शेपटावर मोडलेलं मी पाहिलंय. पोरगी रडली, पोरगं गप्प बसलं आणि दोन्हीकडचे वडीलधारे बायबल उघडून एकमेकांना वचनं दाखवत राहिले.

गाव आमचं काही मोठं नाही, पण तीन तऱ्हेचे ख्रिस्ती आहेत. आम्ही जुन्या अमेरिकन मराठी मिशनचे. हे मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि १९७० पासून आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. आमच्यात लेकराच्या कपाळावर पाणी लावतात, मोठं झाल्यावर दृढीकरण होतं, मग प्रभुभोजन मिळतं. कथलिक लोक त्यालाच स्नानसंस्कार म्हणतात. त्यांच्यात मूल मरायला टेकलं असलं तर फादरची वाट बघायची नाही. सुईणीनं, शेजारणीनं, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानंही मनात तोच हेतू धरून, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव घेऊन पाणी ओतलं तरी चालतं. तिसरे नव्या मंडळ्यांचे. ते म्हणतात, तान्ह्या लेकराला विश्वास काय कळतो? तुमचं ते पाणी म्हणजे तोंड धुणं. माणसानं स्वतः कबूल करून पुरतं पाण्याखाली जायला पाहिजे. त्यांच्यातले काही आणखी पुढं जाऊन म्हणतात, त्याशिवाय तारण नाही.

ह्या शेवटच्या वाक्यावर माझं घोडं अडतं. पाण्याची रीत कोणती ह्यावर मी भांडत नाही. फार जुन्या काळची, पहिल्या मंडळ्यांची एक शिकवणुकीची पोथी १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडली. आमच्या एका निवृत्त पाळकांनी मला ती समजावून सांगितली होती. तिच्यात लिहिलंय की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसलं तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसलं तर कोमट, आणि तेवढंही नसलं तर डोक्यावर तीनदा ओतावं. वाचल्यावर मला वाटलं, लिहिणाऱ्यानं दुष्काळी मुलूख पाहिलेला असणार. मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की पाणीच मिळालं नाही, किंवा घेता आलं नाही, तर त्या माणसाचं काय?

वचनं दोन्ही बाजूंना आहेत, हे आधी कबूल करायला पाहिजे. निकदेम रात्री येशूकडं आला तेव्हा येशूनं त्याला पाणी आणि आत्मा दोन्हींपासून जन्म घ्यायला सांगितलं. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्रानं लोकांना पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या असं एका दमात सांगितलं. मार्काच्या शेवटी तारणाच्या गोष्टीत विश्वास आणि बाप्तिस्मा जोडीनं येतात. पण त्याच वाक्याच्या दुसऱ्या अंगाला, शिक्षा कोणाला ते सांगताना, फक्त विश्वास न धरणाऱ्याचा उल्लेख आहे. पाणी न घेतलेल्याचा नाही. आणि पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्यातल्या क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरच्यांनाच बाप्तिस्मा दिला, बाकी कोणाला दिल्याचं आठवत नाही, मला त्यासाठी पाठवलंच नव्हतं, सुवार्ता सांगायला पाठवलं होतं. पाण्यावाचून तारणच नसतं तर पौलासारखा माणूस हे इतकं सहज लिहिता ना. पेरणीला निघालेला गडी बी घरी विसरला तर हसत सांगत नाही.

वधस्तंभावरचा चोर तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याला ना नदी होती ना हात मोकळे होते. येशूनं त्याला त्याच दिवसाचा शब्द दिला. नव्या मंडळीवाले म्हणतात, तो अपवाद. असेल. पण पहिलाच माणूस अपवाद निघाला तर नियम जरा हळू आवाजात सांगावा.

कथलिकांनी ह्याचा विचार आमच्यापेक्षा जास्त केलाय, हे मी त्यांच्या तोंडावर कबूल करतो. त्यांच्यात बाप्तिस्मा तारणाला आवश्यकच मानतात. पण बाप्तिस्म्याआधी ख्रिस्तासाठी मारला गेला त्याचा रक्ताचा बाप्तिस्मा धरतात, आणि ज्याला मनापासून घ्यायचा होता पण आधीच मरण आलं त्याची इच्छाच बाप्तिस्मा धरतात. बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्या लेकरांसाठी पूर्वी ना धड स्वर्ग ना धड नरक अशी एक वेगळी जागा सांगायचे. २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगानं लिहून दिलं, की त्या लेकरांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे. किती शतकं किती आया त्या लेकरांसाठी झुरल्या असतील! मला त्यांची शिकवण आमच्या भाषेत अशी कळली: दावं बैलाच्या गळ्यात असतं, मालकाच्या नाही. आपण संस्काराला बांधलेले, देव बांधलेला नाही.

माणूस मात्र कुठंही हिशोब करतो. बाप्तिस्म्यानं आधीची सगळी पापं धुतली जातात म्हटल्यावर जुन्या काळी लोक तो मरेपर्यंत लांबणीवर टाकायचे. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन, ज्यानं ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, त्यानं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, अंथरुणाला खिळल्यावर. कर्जमाफी येणार म्हणून हप्ता थांबवणारे आपल्याकडंच असतात असं नाही.

आता माझ्या मनातलं खरं सांगतो. ही चर्चा करणारे बहुतेक असे असतात, की ज्यांना पाणी कधी कोणी नाकारलेलं नाही. आमचे पूर्वज गावाबाहेरचे. पाटलाच्या विहिरीला हात लावायचा नाही. तहान लागली तर काठावर लांब उभं राहायचं, कोणी दया केली तर वरून, अंतर राखून, ओंजळीत धार सोडायचा. तांब्याचा नि हाताचा संबंध यायचा नाही. महाडचं चवदार तळं १९२७ चं. त्याच्याही कितीतरी आधी आमच्या भागातल्या महार-मांगांनी मिशनमध्ये बाप्तिस्मे घेतले. त्यात काय होतं? एक माणूस हात ओला करून तुमच्या डोक्यावर ठेवतो. धार लांबून नाही, हात डोक्यावर. माझ्या आज्जाला बाप्तिस्म्यातलं दुसरं काही सांगता यायचं नाही, पण "सायबाचा हात गार व्हता" हे तो म्हातारपणीसुद्धा डोकं चाचपून सांगायचा. त्याला शिंपडलेलं का बुडवलेलं असं विचारायची कोणाची हिंमत झाली नसती.

म्हणून प्रेषितांच्या कृत्यांतल्या दोन जागा मला फार जवळच्या वाटतात. एक कूशी अधिकारी, षंढ, रथात बसून वाचत चाललेला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणं अशा माणसाला देवाच्या मंडळीत जागा नव्हती. वाटेत पाणी दिसलं तेव्हा त्यानं फिलिप्पाला विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला आडकाठी काय? दुसरा कर्नेल्य, रोमी शताधिपती, परजातीचा. पेत्र त्याच्या घरात बोलतोय तोवरच पवित्र आत्मा उतरला, पाण्याच्या आधी. मग पेत्र सोबतच्या यहुद्यांना विचारतो, ह्यांना पाण्यापासून कोण अडवणार? बघा, दोन्हीकडं प्रश्न आडकाठीचा आहे. पाण्यावाचून चालेल का असं तिथं कोणी विचारत नाही. पाणी अडवणारा कोण, असं विचारतात. आणि आत्मा आधीच आलाय म्हणून पेत्र पाणी सोडूनही देत नाही, देतोच. ते आत घेतल्याची खूण म्हणून आलं होतं. आपण पुढं त्याचं फाटक केलं.

ते फाटक मी घरात पाहिलंय. आज्जानं बाप्तिस्मा घेतला, आजीनं घेतला नाही. तिचे भाऊ म्हणाले होते, "तू पाणी घेतलंस की आपलं पाणी तुटलं." धाकटी बहीण लग्नाची होती. तिचं लग्न झालं, तरी भाऊ होतेच. चाळीसेक वर्षं आजी दर रविवारी चर्चला आली. दाराजवळ बसायची. प्रभुभोजनाचं ताट तिच्या पुढून जायचं तेव्हा पदर सावरून खाली बघायची. वचनं तिला आमच्या वडलांपेक्षा जास्त पाठ होती, आणि गावात कोणाची बाई अडली तर रात्री कंदील घेऊन जाणारी तीच असायची. मी एकदा विचारलं, "आजी, तू का घेत नाहीस?" म्हणाली, "देवाला ठावं हाय रं मी कुणाची ते. भावाला कळत न्हाई, त्याला कशाला तोडू?"

ती गेली तेव्हा मी आठवीत होतो. पंच बसले. कबरस्थान मंडळीचं, नाव वहीत नाही. त्या वेळचे पाळक वाईट नव्हते, पण वहीच्या बाहेर जायची त्यांची तयारी नव्हती. माहेरचे म्हणाले, आमच्या रीतीनं करू. वडील दोन्हींच्या मधे उभे. शेवटी एक म्हातारी बायबलबाई उठली नि म्हणाली, "त्या चोराला पुरायची पाळी तुमच्यावर आली असती तर कुठं पुरला असता?" कोणी उत्तर दिलं नाही. आजीला कुंपणाजवळ, बाभळीखाली जागा मिळाली. घंटा मात्र वाजवली नाही. वडील नंतर कितीतरी दिवस रविवारची घंटा झाली की गोठ्यात जाऊन बसायचे.

ह्याच्या उलट बाजूचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. आणि पुढं त्यांनीच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. रमाबाईंसारख्या विदुषीनं हे लिहावं! पाणी आधी, ख्रिस्त मागून. माझ्या आजीचं नेमकं उलट. आणि आमच्या नगरशी नातं असलेले रेव्हरंड टिळक, नारायण वामन टिळक, ह्यांनी १८९५ साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यापायी लक्ष्मीबाईंची नि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. पाण्याची किंमत ज्यांनी घरानं मोजली त्याच टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली. नगरला मुक्तिफौजेचा दवाखाना सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. ते तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. निशाणाखाली शपथ घेतात नि कामाला लागतात. त्यांचं तारण झालं नाही असं मी तरी म्हणणार नाही.

दोन वर्षांमागं नव्या मंडळीचा एक तरुण पाळक माझ्याकडं आला. माझं शेततळं आहे, ३० बाय ३० मीटरचं, कागद टाकलेलं. "नाना, अकरा जणांना बाप्तिस्मा द्यायचाय. तळं द्याल का?" मे महिना होता, तळ्यात डाळिंबापुरतं पाणी. मी म्हणालो, पाऊस पडू दे, तळं भरलं की या. तो अस्वस्थ झाला. "तोवर त्यांच्यातल्या कोणाला काही झालं तर?" मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणालो, "पोरा, तुझा देव माझ्या मोटारीच्या भरवशावर हाय व्हय?" तो हसला, पण त्याला पटलं नाही. त्याची कळकळ खोटी नव्हती, म्हणून मला त्याचा रागही आला नाही.

श्रावणात ते आले. त्या कागदावर शेवाळ धरतं, पाय घसरला की माणूस वर येत नाही, दरवर्षी कुठं ना कुठं पोरं बुडतात. म्हणून मी काठाला दोन खुंट्या ठोकून नायलॉनचा दोर बांधला, ट्यूब टाकली, चपला बाहेर काढायला लावल्या, आणि उथळ कोपऱ्याच्या पुढं कोणी जायचं नाही अशी ताकीद दिली. दहा जण पाण्यात उतरले. त्यात माझा पुतण्या होता, ज्याला तान्हा असताना आमच्या चर्चमध्ये पाणी लावलं तेव्हा मीच त्याला हातावर धरलं होतं. तो पाण्यातून वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी काही बोललो नाही. टॉवेल दिला.

अकरावी एक पोरगी होती, नर्सिंगला शिकणारी. ती काठावरच राहिली. १९५० च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या यादीत राहत नाही. शिखांना १९५६ साली नि बौद्धांना १९९० साली त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच. तिचा दाखला गेला तर शिष्यवृत्ती जाणार, शिक्षण सुटणार. पाळकानं तिला समजावलं, मग गप्प झाला. तिनं सगळ्यांचे कपडे सांभाळले, गाणी सगळ्यांबरोबर म्हटली. पाळक जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, हिचं काय करू?" मी म्हणालो, "तिला दारात बसवू नको. एवढं कर."

तिचं शेवटचं वर्ष चालू आहे. रविवारी ती त्यांच्या उपासनेला येते, पुढच्या रांगेत बसते, पेटी वाजवते.