चंद्रीचें रक्त

आमच्या घरांत घोडे आले ते थोरल्या बंधूंच्या हौसेनें. नोकरीची मुदत संपल्यावर त्यांनीं पुण्याबाहेर थोडी जागा घेऊन पागा बांधली आणि मुलांना घोड्यावर बसावयास शिकविण्याचा उद्योग आरंभिला. आईला हें मुळींच पसंत नव्हतें. परंतु पुढें सकाळीं गुळाचा खडा घेऊन सर्वांआधीं पागेंत जाणारी तीच!

पहिल्याच वर्षीं सुलतान नांवाचा घोडा पोटशुळानें गेला. घोड्याला ओकारी होत नाहीं. आंतड्याला पीळ पडला, कीं सांचलेलें सारें आंतच कोंडतें. त्या रात्रीं पशुवैद्य दर दोन तासांनीं मानेच्या शिरेंतून रक्त काढून तांबड्या पेशींचें शेंकडा प्रमाण पाहत होते व मी तें वहींत टिपून घेत होतों. ४६, ५३, ६१. निरोगी घोड्यांत हें प्रमाण सामान्यतः ३२ ते ४८ असतें. रक्तांतील पाणी आंतड्यांत उतरूं लागलें, कीं मागें राहिलेलें रक्त दाट होतें व आंकडा चढतो. अशा वेळीं रक्तरसांतील प्रथिनेंही चढावयास हवींत. सुलतानचीं मात्र ७ वरून ५.५ वर उतरलीं. म्हणजे आंतड्याची भिंतच पाझरूं लागली होती. पहांटे तो गेला. वही मीं कपाटांत टाकली, पण ते आंकडे मनांतून गेले नाहींत.

गेल्या श्रावणांत चंद्रीला तसेंच दुखूं लागलें. मधूनमधून ती मान वळवून पोटाकडे पाही, पुढच्या पायानें माती उकरी, मधेंच अंग टाकून लोळे. डॉक्टरीणबाई आल्या त्या भर पावसांत. वीज कडाडली तशी घोडी बिथरली, मोतद्दाराच्या हातांतून सुटली आणि अंगणभर धांवली. कशीबशी धरून आणल्यावर रक्त काढलें, नळी यंत्रांत गरगर फिरविली. आंकडा निघाला ५५! बंधूंचा चेहरा उतरला. मीं तर सरळ म्हटलें, “बाई, मागच्या खेपेस आम्हीं फार पाहिलें. हिचे हाल होऊं देऊं नका.”

“काका, घाई नको,” त्या म्हणाल्या. “घोड्याची प्लीहा हें तांबड्या पेशींचें कोठार आहे. घोडा भ्याला किंवा धांवला, कीं ती आकुंचते आणि सांठा रक्तांत ओतते. या ५५ मध्यें दुखणें किती आणि भीति किती, तें ही शांत झाल्याशिवाय कळणार नाहीं.” प्रथिनें ६.८ होतीं, हें त्यांनीं मला मुद्दाम दाखविलें.

अर्धा तास वहिनी चंद्रीच्या मानेवरून हात फिरवीत उभ्या होत्या. पहिली नळी फळीवर तशीच ठेवलेली होती. घोड्याचें रक्त फार लवकर निवळतें. तांबडें खालीं बसून वर पिवळा रस आला. आई तो पाहून म्हणाली, “अगबाई, हिला कावीळ झाली कीं काय!” डॉक्टरीणबाईंना हंसूं आलें. घोड्याचा रक्तरस मुळांतच पिवळसर असतो आणि चारा सुटला तर अधिकच पिवळा दिसतो, असें त्यांनीं सांगितलें. त्या रात्रीं घरांत कोणी हंसलें तें तेवढेंच.

दुसऱ्या खेपेस आंकडा ४३ आला. प्रथिनें होतीं तेवढींच. लॅक्टेट १.४, शरीराच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडूं लागलें तर तें चढतें, निरोगी घोड्यांत ते विसांव्याच्या वेळीं २ च्या आंत असतें. नाकावाटे नळी घालून पाहिलें, तर पोटांत कांहीं सांचलेलें नव्हतें. मग वेदनाशामक टोंचलें. इतकें झाल्यावरही बाईंनीं बजावलें, कीं औषधाचा अंमल उतरून कळ पुन्हा आली, तर आंकडे कितीही चांगले असोत, तिला शस्त्रक्रियेसाठीं हलवावयाचें. रात्रभर गाडी दाराशीं उभी होती.

सहा वाजतां चंद्रीनें लीद टाकली. बंधु ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मीं कपाटांतून ती जुनी वही काढली आणि सुलतानच्या पानामागें चंद्रीचे दोन्ही आंकडे लिहिले. ५५ च्या पुढें लिहिलें : ‘पाऊस, वीज, धांवपळ.’