सुईचं वजन

मागच्या पावसाळ्यात अब्बा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. कारण ऐकलंत तर हसाल. मी एक तबकडी पुसली होती.

आधी घराची गोष्ट सांगतो. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या पुढच्या गल्ल्यांमध्ये आमचं घर आहे. खाली दगड-विटा आणि वरच्या मजल्याला अजून लाकडी पाट्या. अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं चाललं. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टेप, मग टीव्ही. मोबाइल आले तेव्हा ते म्हणाले, हे उघडताच येत नाही, मग दुरुस्त काय करायचं? आणि दुकान बंद केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मात्र साठेक एलपी आणि तीसेक जुन्या ७८ च्या तबकड्या राहिल्या. एलपी अब्बांच्या. ७८ च्या दादांच्या. (आमच्याकडे दादा म्हणजे आजोबा. शेजारच्या मराठी घरांतून यावरून आयुष्यभर गोंधळ होत आलाय.)

दादांचा टांगा होता. नाशिकरोड स्टेशनवरून यात्रेकरू घ्यायचे आणि पंचवटीत सोडायचे. परतीचं भाडं मिळेपर्यंत तिथेच थांबायचे. पंचवटीत विष्णू दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता. त्यांचा मुलगा दत्तात्रय, म्हणजे द. वि. पलुस्कर, २८ मे १९२१ ला नाशकातच जन्मला. बाप गेला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि तो स्वतः १९५५ मध्ये गेला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. ‘बैजू बावरा’त उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर जो दुसरा आवाज आहे तो त्याचा. दादा त्याचं नाव घेताना ‘अपने गाँव का लड़का’ म्हणायचे, असं अब्बा सांगतात. त्याच्या भजनांची एक तबकडी दादांनी विकत घेतली होती. टांगेवाल्याने तबकडी घेणं म्हणजे त्या काळात चैनच. मी पुसली ती हीच.

२०२० च्या टाळेबंदीत ट्रंक खाली उतरवली तेव्हा मला या सगळ्याचा नाद लागला. अब्बांचा सुटकेससारखा जुना प्लेअर होता, पण त्याचं आतलं रबरी चाक वाळून खडखडीत झालं होतं. सहा महिने पडून राहिलं तर अशा चाकाला मोटरच्या दांड्याजवळ खाच पडते आणि मग प्रत्येक फेऱ्याला गुडुम गुडुम ऐकू येतं. शिवाय त्यातली सिरॅमिक कार्ट्रिज. कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या टोकाची ती डबी, जिथे सुईची थरथर विजेत बदलते. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला पाच-सहा ग्रॅम वजन लागायचं, कधी त्याहूनही जास्त. एलपीच्या बारीक खाचेत एवढं वजन म्हणजे नांगरच. मी पुण्याहून एक वापरलेला, पट्ट्यावर चालणारा, तीन स्पीडचा प्लेअर आणला. त्याची चुंबकाची कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालते. अब्बांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हलका है.’ स्तुती होती की टीका, मला कळलं नाही.

लावला तर आवाज कसा? फोनवरच्या गाण्यापेक्षा वाईट. बारीक, कर्कश, आणि खाली सतत एक घूं. मी लगेच महागडी कार्ट्रिज शोधायला बसलो. या छंदात पडलेल्या सगळ्यांचं असंच होतं: आवाज बिघडला की आपण खिशात हात घालतो. अब्बा म्हणाले, आधी बघ तर काय बिघडलंय.

आवाज बारीक होता कारण मी प्लेअर थेट अॅम्प्लिफायरच्या साध्या सॉकेटला जोडला होता. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर मुद्दाम वाढवतात. खर्ज दाबला नाही तर खाचा रुंद होऊन तबकडीवर गाणं मावणार नाही, आणि वरचे सूर वाढवले नाहीत तर खरखरीत बुडतील. वाजवताना हेच उलटं करावं लागतं. १९५४ पासून यासाठी जगभर एक ठरलेलं माप आहे. हे काम करणारा फोनो प्रीअॅम्प नसेल तर खर्ज गायबच. सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये आवाज मोठा यायचा आणि हे बरंचसं आपोआप जमून जायचं, म्हणून जुन्या सुटकेस प्लेअरमध्ये हे लागत नव्हतं. चुंबकाच्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. अब्बांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग मागवायला लावले आणि प्रीअॅम्प घरीच बांधायचा ठरवला. त्यांचे हात आता थरथरतात. म्हणून सोल्डर मी करायचो आणि ते बाजूला बसून ‘ज्यादा हो गया, ज्यादा हो गया’ म्हणायचे. दोन रविवार लागले.

घूं निघाला अर्थिंगचा. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकात काहीच नव्हतं. इलेक्ट्रिशियन बोलावून नीट अर्थिंग करून घेतलं, प्लेअरची ती बारीक हिरवी तार प्रीअॅम्पला बांधली आणि आवाज बंद. म्हणजे घूं बंद, गाणं चालू.

मग लाकडी पाट्या. अम्मी चहा घेऊन आली की सुई उडी मारायची. मोठी बहीण म्हणायची, तुमच्या मशीनपायी आम्ही घरात चोरासारखं चालायचं का? मग सुताराकडून लोखंडी ब्रॅकेट बसवून घेतले, जमिनीला नाही तर दगडी भिंतीला. त्यावर कडप्पा. कडप्प्यावर अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब, ट्यूबवर दुसरा छोटा कडप्पा आणि त्यावर प्लेअर. सायकल ट्यूबची कल्पना अब्बांची. गवंड्याची पाणसळ आणून बुडबुडा मध्ये येईपर्यंत ट्यूबमधली हवा कमी-जास्त करत बसलो. तबकडी समपातळीत नसेल तर टोनआर्म उताराकडे ओढला जातो, खाचेची एक भिंत जास्त घासते आणि एका कानातला आवाज फाटतो. या सगळ्याचा खर्च हजाराच्या आत. आवाजातला फरक माझ्या मते दहा हजारांच्या कार्ट्रिजएवढा.

वजनाचा किस्सा वेगळाच आहे. टोनआर्मच्या मागच्या वजनावर आकडे छापलेले असतात, पण ते अंदाजेच. सराफ बाजारातला माझा शाळूसोबती दुकानातला छोटा काटा घेऊन घरी आला. सुई काट्यावर टेकवली तर तीन ग्रॅमच्या वर. परत टेकवली, वेगळाच आकडा. तो म्हणाला, अरे माझा काटा सरकारी शिक्क्याचा आहे! मग लक्षात आलं की काट्याची ताटली लोखंडी आणि कार्ट्रिजमध्ये चुंबक. ताटलीच सुईला ओढत होती. अम्मीकडून पितळेची छोटी वाटी घेतली, उपडी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि सुई वाटीवर टेकवली. आता आकडा स्थिर. वाटीमुळे सुई नेहमीपेक्षा वर राहात होती, म्हणून काटा तेवढाच खाली धरून पुन्हा मोजलं. बरोबर दोन ग्रॅम. ‘सोळा गुंजा,’ मित्र म्हणाला. कमी वजन म्हणजे तबकडीवर दया, असं मलाही वाटायचं. तसं नाही. वजन कमी पडलं तर सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतीवर आपटत जाते आणि जास्त नुकसान करते.

एवढं सगळं जमल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली. तबकड्या धुवायला घेतल्या. एलपीसाठी लोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, मीही घातलं. (बाटलीवरचं नाव वाचून अम्मीने मला तिच्या खोलीत ठेवू दिली नाही.) एलपी छान निघाल्या. चाळीस वर्षांची धूळ, बोटांचे ठसे, पावसाळ्यातली पांढरी बुरशी, सगळं गेलं. मग तोच बोळा मी दादांच्या तबकडीवर फिरवला.

बोळा काळा झाला. मला वाटलं, केवढी घाण! आणखी एक फेरा दिला. तबकडी वाळली तेव्हा कडेचा बोटभर पट्टा चकाकी जाऊन मातट झाला होता.

अब्बांनी ती खिडकीशी तिरपी धरली. बराच वेळ बघितली. ‘इसको पिला दी क्या?’ एवढंच म्हणाले. नंतर म्हणाले, सुतार पॉलिश करताना चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. ही तबकडी कशाची आहे? आणि उठून आत गेले.

एलपी व्हिनिलची असते. ७८ ची तबकडी लाखेची: आपल्या जंगलातल्या किड्यांची लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. व्हिनिलला जे चालतं ते लाखेला खातं. हे मला वाचून माहीत होतं. एलपी १९४८ मध्ये आली, तिच्याआधी बहुतेक तबकड्या अशाच होत्या, हेही माहीत होतं. आपल्याकडे तर साठच्या दशकातही लाखेच्या निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा. पण बोळा हातात असताना काहीच आठवलं नाही.

चार दिवसांनी सकाळी मी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला गेलो, चोरबाजारात. मटण स्ट्रीटवर अजून तबकड्या मिळतात. तीच तबकडी शोधून आणावी आणि विषय मिटवावा, असा बेत. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला एक गोष्ट शिकवली: तबकडी कधी सरळ बघू नका, उजेडात तिरपी धरा. काळी कुळकुळीत दिसली तर चांगली, राखाडी झाक दिसली तर ग्रामोफोनच्या पोलादी सुईने खाल्लेली. ग्रामोफोनच्या काळात दर बाजूला नवी सुई लावायची रीत होती, पण सुया वाचवायला लोक एकच सुई पुन्हा पुन्हा वापरायचे. पलुस्करांच्या दोन तबकड्या मिळाल्या, दोन्ही राखाडी. आणि त्यात दादांची नव्हतीच. मी रिकाम्या हाताने निघालो तेव्हा दुकानदाराने विचारलं, वाजवता कशावर? सांगितलं. सुई कोणती? तीच, एलपीची.

त्याने कपाळाला हात लावला.

एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं. ७८ च्या खाचेला लागतं ७५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे चौपट जाड. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी पडते, आणि तळाशी असते फक्त धूळ आणि खरखर. गाणं असतं वरच्या भिंतींवर. उलट जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी कामातून गेलीच. म्हणजे आम्ही वर्षभर दादांच्या तबकड्या ऐकतच नव्हतो, त्यांचा तळ ऐकत होतो. आणि त्या खराब झाल्यात असं समजून अब्बा गप्प बसत होते.

७८ ची सुई मागवली. माझ्याच कार्ट्रिजच्या कंपनीची, जुनी काढून त्याच डबीत बसते. वजन मात्र जास्त लागतं. मित्र पुन्हा काटा घेऊन आला. तबकडी या वेळी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने आणि मऊ ब्रशने साफ केली, लेबलला पाणी लागू न देता. मग उभी ठेवून वाळवली.

दुपारी लावली. असरची अजान झाल्यावर. अजान सुरू झाली की टोनआर्म उचलायचा आणि रमजानभर प्लेअरवर चादर, हे अब्बांचे दोन नियम, त्यांना अपवाद नाही.

पहिले काही फेरे नुसतं ‘सूंऽ सूंऽ’. तो माझा बोळा, आता कायमचा. मग तबला आला आणि मग तो आवाज. तीन मिनिटांच्या तबकडीत इतका निवांत आवाज मी आधी ऐकला नव्हता. अब्बांचं वय आता चौऱ्याहत्तर, वरचे बारीक सूर त्यांना ऐकू येत नाहीत. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवलीय, कुठून खाली गेलेत ते. नव्या कार्ट्रिजमुळे माझ्या एलपींमधली झांज उघडली होती तीही त्यांना कळली नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

‘थोड़ा चढ़ा हुआ है,’ ते म्हणाले.

काय चढलंय?

‘स्पीड. सूर ऊपर है. अब्बा के बाजे पे इतना ऊपर नहीं था.’

तबकडीवर स्ट्रोबोस्कोपचा कागद ठेवून बल्बखाली बघितलं. ठिपके जागच्या जागी, म्हणजे वेग बरोबर. तसं मी त्यांना दाखवलंही. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. ७८ हा आकडा त्या काळी सगळीकडे काटेकोर पाळला जात नव्हता, काही तबकड्या वेगळ्या वेगाने कापल्या गेल्या, हे मलाही माहीत आहे. दादांचा ग्रामोफोन चावीचा होता, तो हळू फिरत असेल हेही शक्य आहे. कोण बरोबर ते आता कोणाला विचारणार?

प्लेअरच्या कडेला वेगाची एक छोटी चकती आहे. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली, सूंऽ सूंऽ जाऊ दिलं आणि चकती अगदी हळू उलटी फिरवायला लागलो. अब्बा डोळे मिटून बसले होते. एका जागी त्यांनी हात वर केला.

तिथे मी पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.