सुधास, रिपोर्ट हाती आल्यावर

चि. सुधा,


तुझा रिपोर्ट वाचला. एचबीएवनसी ६.६ पाहून तू हाय खाल्लीस आणि भात-भाकरी ताटातून काढून टाकलीस. पण बाकीच्या ओळी पाहिल्यास का? उपाशीपोटीची साखर ९५, जेवणानंतर दोन तासांची १३२ आणि हिमोग्लोबिन ८.४. माझी नजर त्या शेवटच्या, फार कमी आकड्यावर अडकली.

रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. पण अंगात लोह कमी असलं की साखर न वाढताही हा आकडा थोडा वर जाऊ शकतो. उलट रक्तस्राव झाला, रक्त चढवलं किंवा पेशी लवकर मोडत असल्या, तर तो खोटा कमी येतो. म्हणून विदर्भात, सातपुड्यात जिथे पेशी लवकर मोडणारा सिकलसेल आजार आढळतो, तिथे एकट्या एचबीएवनसीवर विसंबून चालत नाही.

उपाशीपोटीच्या साखरेची निदानाची रेघ १२६ आहे. तू तिच्या बरीच खाली आहेस. जेवणानंतरची साखर मुख्यतः मधुमेह आटोक्यात आहे का हे पाहायला मोजतात. निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात आणि तिथे २०० ही रेघ. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने पडताळतात.

तेव्हा डॉक्टरांना सगळा रिपोर्ट दाखव, आणि ग्लुकोजची तपासणी करायची का, हे विचार. ती ठरली तर आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खा. पिष्टान्न तोडून गेलीस तर आकडा उगाच वर येतो. आदल्या रात्रीपासून उपाशी राहा, पाणी चालेल. रक्त कमी का झालं, पाळीत जास्त जातं का, हेही मोकळेपणाने सांग. लोह कमी निघालं, तर ते भरून आल्यावर एचबीएवनसी पुन्हा करता येईल.

आईला मधुमेह होता, म्हणून तुझी धास्ती मला कळते. मधुमेह नाहीच, असं मीही आज म्हणत नाही. पण तो असेल तर नीट तपासून कळू दे, आणि रक्तक्षयाचा इलाज आजच सुरू होऊ दे.

तुझी,
ताई