भाडं परवडतं, आडनाव आडवं येतं

पुण्यात आम्ही तिघे मित्र भाड्याने फ्लॅट शोधत होतो. स्विमिंग पूल असलेल्या सोसायटीतला थ्री बीएचकेही तिघांत भाडं वाटून घेतलं की परवडतो. डिपॉझिट तयार होतं. आडनावं ऐकून मालक म्हणाले, "घरी विचारून कळवतो." फोन आला नाही, जाहिरात मात्र तशीच राहिली.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांनाही घर मिळालं नव्हतं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हक्क सांगता आला, कारण तळं सार्वजनिक होतं. संविधानाचं कलम १५ सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट सर्वांना खुले करतं. सोसायटीचा खासगी पूल त्यात येत नाही. जात आता खासगी गेटच्या आत जाऊन बसली आहे.

मित्रांनो, नुसता स्वस्त फ्लॅट शोधून भागणार नाही. भाड्याने घर देताना जात पाहणं गुन्हा ठरवणारा स्पष्ट कायदा मागा. जयभीम!