तीन कोऱ्या ओळी

३१ डिसेंबर २०१७ ला दुपारी, क्लीव्हलँडशेजारच्या आमच्या पार्मातल्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. क्लीव्हलँडची थंडी एरी तलावावरून येते आणि आली की हाडात शिरते. मी शेजारच्या आजोबांकडे बसले होते. समोर टीव्हीवर पिट्सबर्गचं मैदान. क्लीव्हलँड ब्राउन्सची त्या सीझनमधली सोळावी, म्हणजे शेवटची मॅच. आधीच्या पंधराच्या पंधरा हरलेल्या.

सामना संपत आला होता. पिट्सबर्ग स्टीलर्स २८, ब्राउन्स २४. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. ब्राउन्सचा हा चौथा प्रयत्न. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक डीशोन कायझर, ओहायोचाच पोरगा, बावीस वर्षं पूर्ण व्हायला अजून तीन दिवस बाकी. अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवत तो बाजूला पळाला आणि पळता पळताच त्याने चेंडू फेकला. पुढे कोरी कोलमन मोकळा होता. फेक अगदी नेमकी होती. चेंडू कोलमनच्या दोन्ही हातांत आला आणि निसटला.

आजोबा काही बोलले नाहीत. दोन्ही तळवे उताणे करून त्यांनी मांडीवर ठेवले होते, चेंडू त्यांच्याच हातून सुटल्यासारखा. किती तरी वेळ ते तळवे तसेच होते. मग ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पिरोगी, सारण भरलेल्या करंज्यांसारख्या, तळायला लागले.

सोळा सामने, सोळा पराभव. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये असं याआधी फक्त २००८ साली डेट्रॉइट लायन्सचं झालं होतं. आदल्या वर्षी ब्राउन्सने एकच सामना जिंकला होता, २४ डिसेंबर २०१६ ला, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध २०-१७. कोच ह्यू जॅक्सन यांच्या हाताखाली दोन वर्षांत एक विजय आणि एकतीस पराभव. आकडे वाचून वाटतं की या पोरांना खेळता येत नसेल. तसं नाही. पहिला सामना तीन गुणांनी गेला, टेनेसीविरुद्धचा जादा वेळेत तीन गुणांनी गेला, ग्रीन बेविरुद्धचाही जादा वेळेतच हातचा गेला. दर रविवारी काठावर येऊन बुडायचं, हे फार वाईट.

याचं मूळ मैदानावर नाही, ऑफिसात आहे असं माझं मत आहे. या लीगमध्ये सगळ्यात जास्त हरणाऱ्या टीमला पुढच्या वर्षी कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते. त्याला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्याला आधार मिळावा म्हणून ही रीत. पण ब्राउन्स चालवणाऱ्यांनी ती दोन वर्षं आजच्या निवडी विकून उद्याच्या निवडी साठवल्या. २०१६ मध्ये दुसरी निवड फिलाडेल्फियाला दिली, त्यांनी तिच्यावर कार्सन वेन्ट्झ घेतला. २०१७ मध्ये बारावी निवड ह्यूस्टनला दिली, त्यांनी डेशॉन वॉटसन घेतला. दोघेही क्वार्टरबॅक, आणि ब्राउन्सना नेमका क्वार्टरबॅकच हवा होता. बियाण्याची पोती कोठारात रचून ठेवायची आणि पेरणीचा हंगाम जाऊ द्यायचा, यातली गत. हे धोरण राबवणारे साशी ब्राउन डिसेंबरच्या सुरुवातीला पदावरून गेले. पण त्या कोऱ्या करकरीत कायझरला वर्षभर मैदानात उभं राहून मार खावा लागला आणि त्याच्या बावीस फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्याची भरपाई कुणी करायची?

आणि जो थॉमस. हा माणूस २००७ पासून क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूला भिंतीसारखा उभा होता. चेंडू हातात घ्यायचं त्याचं काम नव्हतं, गुण त्याच्या नावावर कधी लागत नसत. समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्याला अडवायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा अडवायचं. २२ ऑक्टोबरला टेनेसीविरुद्ध त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि तो पहिल्यांदा मैदानाबाहेर गेला. तोवर दहा वर्षांहून जास्त काळ, सलग १०,३६३ डावांत, एकदाही न चुकता तो हजर होता. या सगळ्या वर्षांत त्याच्या वाट्याला प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एकही सामना आला नाही. त्या दिवशी तो दंड धरून बाहेर चालला आणि स्टेडियम उठून उभं राहिलं. घरात, टीव्हीसमोर, आजोबाही उभे राहिले. गुडघे दुखतात त्यांचे, पण तो दिसेनासा होईपर्यंत बसले नाहीत.

मी कोल्हापूरची. तिथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, आणि पेठेची टीम म्हणजे घरचं माणूस. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं नुसती घेतली तरी आमच्याकडे आवाज चढतात. बाबा मला लहानपणी शाहू स्टेडियमवर न्यायचे. टीम हरली की घरी येताना ते माझा हात जरा जास्त घट्ट धरायचे, एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर पुन्हा त्याच टीमची चर्चा. टीम बदलावी हा विचार कुणाच्या डोक्यात यायचाच नाही. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा शहरातल्या बाकी पुष्कळ गोष्टी समजायला वेळ लागला, पण रविवारी नारिंगी-तपकिरी कपडे घालून निघालेली माणसं मला लगेच ओळखीची वाटली.

तरी एक गोष्ट उशिरा कळली. ती आजोबांच्या गराजमध्ये कळली.

तिथे भिंतीवर एक लाकडी फळी टांगलेली आहे. जुन्या म्युनिसिपल स्टेडियमच्या बाकाची. एक टोक तुटलेलं, रंग उडालेला. १९९५ च्या ६ नोव्हेंबरला मालक आर्ट मॉडेल यांनी जाहीर केलं की टीम बाल्टिमोरला नेणार. दुसऱ्याच दिवशी इथल्या लोकांचं मतदान होतं, दारू आणि सिगारेटवरचा कर चालू ठेवून स्टेडियमच्या दुरुस्तीला पैसा द्यायचा का, यावर. टीम जाणार हे कळल्यावरही लोकांनी होय म्हणून मत दिलं, मोठ्या बहुमताने. आजोबा तेव्हा पोलाद कारखान्यात होते. पाळी संपवून थेट मतदानाला गेले होते.

१७ डिसेंबरला तिथला शेवटचा सामना झाला. ब्राउन्सने सिनसिनाटीला २६-१० असं हरवलं आणि लोकांनी बाकं उखडली. डॉग पाउंड नावाचा जो भाग होता, जिथे कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकत टीमला जोर देणारे प्रेक्षक बसायचे, तिथे खेळाडू स्वतः धावत गेले आणि लोकांच्या गळ्यात पडले. आजोबांनी ही फळी तिथून आणली. पुढे स्टेडियम पाडलं आणि त्याचा राडारोडा माशांना आसरा व्हावा म्हणून एरी तलावात टाकला. शहराने भांडून टीमचं नाव, रंग आणि इतिहास मात्र इथेच राखला. १९९९ मध्ये त्याच नावाने नवी टीम उभी राहिली. बाल्टिमोरला गेलेली टीम रेव्हन्स झाली आणि जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकली. ब्राउन्सनी तो सामना आजवर एकदाही खेळलेला नाही.

फळीवर पेन्सिलीने वर्षं लिहिलेली आहेत. १९९५, पुढे ५-११, म्हणजे पाच विजय आणि अकरा पराभव. मग १९९६, १९९७, १९९८, या तीन वर्षांपुढे काहीच नाही. मग १९९९, पुढे २-१४. २००२ पुढे ९-७, तेवढं एक ठळक गिरवलेलं, कारण तेव्हा प्लेऑफ गाठली होती.

"त्या तीन वर्षांत रविवारी काय करायचात?" मी विचारलं होतं.

"पाला गोळा करायचो," आजोबा म्हणाले. "आपला झाला की शेजाऱ्यांचा. सगळ्या गल्लीचा."

६ जानेवारी २०१८ ला, शनिवारी, स्टेडियमभोवती मिरवणूक निघाली. एकही सामना न जिंकल्याची मिरवणूक. हजारो माणसं त्या भयंकर थंडीत गोल फिरली, शून्याचा आकार करून. या निमित्ताने गोळा झालेले पैसे ग्रेटर क्लीव्हलँड फूड बँकेला गेले, ते चांगलंच झालं. एवढ्या गारठ्यात घराबाहेर पडणाऱ्यांच्या पोटातही टीमची माया आहेच, हे मला मान्य आहे. पण ब्राउन्सच्या ओगबासारख्या खेळाडूंना ती मिरवणूक लागली, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. आजोबा तर म्हणाले, "पोरी, आपल्याच पोरांची कुणी धिंड काढतं का?" ते गेले नाहीत. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी फूड बँकेत डबे नेऊन दिले, वाटाण्याचे आणि ट्युनाचे, आणि परत आलो.

गाडी लावली तेव्हा त्यांनी मला गराजमध्ये थांबवलं. फळीवर शेवटची ओळ २०१६ ची होती, १-१५. पेन्सिल खिळ्याला दोऱ्याने बांधलेली असते. त्यांनी ती हातात घेतली, पण थंडीने बोटं आखडली होती, नीट धरवेना. "तू लिही," म्हणाले.

मी २०१७ लिहिलं, पुढे ०-१६. जुनं लाकूड, रेघ उमटेना, दोनदा गिरवावं लागलं. लिहिताना नजर वर जात होती, त्या तीन मोकळ्या ओळींकडे. आजोबांचीही तिकडेच असावी. ते म्हणाले, "यंदा सोळाही रविवारी मी कुठे असेन हे मला ठाऊक होतं."

एप्रिल २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सकडे पहिली निवड होती, आणि ह्यूस्टनकडून आलेली चौथीही. त्याबद्दल आम्ही थोडं बोललो. कोणता क्वार्टरबॅक घ्यावा यावर त्यांचं आणि माझं पटलं नाही. मग त्यांनी पेन्सिल पुन्हा माझ्या हातात दिली आणि खालच्या जागेवर बोट ठेवलं.

"२०१८ पण लिहून ठेव. आकडा जरा मोठा काढ, मला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे."