काटा वर गेला होता

गॅरेजवाला फसवतोच, हे मला कुणी शिकवलं ते आता आठवत नाही. आमच्या घरात ते गृहीतच होतं. डॉक्टर, वकील, सोनार यांच्याबद्दल निदान दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं होती. गॅरेजवाल्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. काम समोर उभं राहून करून घ्यायचं, काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा आणि पैसे देण्याआधी आणखी दोन ठिकाणी भाव विचारायचा, एवढ्या शिदोरीवर मी गाडी बाळगायला लागलो. सगळी नोकरी हिशेबतपासणीतली. संशय घेण्याचाच मला पगार मिळत होता, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही.

गाडी म्हणजे डिझेलवरची इंडिका, २००६ ची. पुणेकराला या गाडीची ओळख करून द्यायला नको. ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली तेव्हा ती आमच्या पिंपरीची गाडी होती. ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रसामग्री सोडवून, जहाजानं आणून इथे पुन्हा उभी केली, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना आपणच बोल्ट खोलून आणल्यासारखी सांगायचो. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आली आणि मग ती टुरिस्टवाल्यांची लाडकी झाली. १४०५ सीसीचं साधं इंजिन, दणकट पंप, आणि कुठल्याही गावात ती खोलू शकेल असा एक तरी माणूस. मी घेतली ती याच हिशेबानं.

मला या शहराच्या कारखानदारीचा मोठा अभिमान होता. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून, वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही वाहनांची संशोधन संस्था १९६६ पासून. डिझेल इंजिन म्हटलं की देशात पुण्याचं नाव निघतं, हे मी छाती फुगवून सांगत असे. आणि त्याच डिझेल इंजिनात कोपरापर्यंत हात काळे करून बसलेला माणूस दिसला की खिसा चाचपत असे. कारखान्याचा अभिमान आणि कारागिराचा संशय एकाच डोक्यात इतकी वर्षं सुखानं नांदले, याचं आज मला नवल वाटतं.

वॉरंटीचे दिवस संपल्यावर गाडी कर्वेनगरमधल्या एका गल्लीतल्या गॅरेजात जायला लागली. पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली, आणि स्वतः भाऊ. वयानं माझ्यापेक्षा लहान, तरी सगळे भाऊच म्हणत. मी त्यांना काय काय केलंय ते सांगून टाकतो. सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी मी एअर फिल्टरवर, डिझेल फिल्टरवर मार्कर पेनानं बारीक खूण करून ठेवत असे, म्हणजे न बदलता ‘बदलला’ म्हणाले तर पकडता यावं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फोन करून भाव काढत असे. बिलाची मागची बाजू माझ्या आकडेमोडीनं भरलेली असे. एकदाही काही सापडलं नाही. पण त्यावरून माणूस सरळ असेल असं माझ्या मनात आलं नाही. तो हुशार आहे, एवढंच मी धरून चाललो.

दुसऱ्या बाजूला माझं वागणं कसं होतं? ऑइल कधी बदललं होतं असं विचारलं की मी खऱ्यापेक्षा अलीकडची तारीख सांगायचो. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, ते अधूनमधून सोडायचं असतं, आणि पंपाच्या आतल्या भागांना वंगण त्या डिझेलचंच मिळत असल्यामुळे पाणी आत गेलं तर पंप खराब होतो, हे भाऊंनी बजावून सांगितलं होतं. मी ‘सोडतो, सोडतो’ म्हणायचो, सोडत नव्हतो. किल्ली फिरवल्यावर हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा वीस-बावीस पट दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, असा सगळा कारभार. थंडीच्या सकाळी या जुन्या इंजिनांना त्यासाठी हीटरचा टेकू लागतो. मी थांबायचो नाही. सेल्फ मारत बसायचो आणि मग गाडी ‘म्हातारी झाली’ म्हणायचो.

मग खंबाटकी आला. मे महिना, साताऱ्याला लग्न, गाडीत चार माणसं आणि एसी चालू. साताऱ्याकडून येणाऱ्यांना तेव्हा बोगदा होता. जाणाऱ्यांना घाट चढावाच लागायचा. निम्म्या चढावर तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकलेला मला दिसला. शेजारी बसलेल्या बायकोनंही पाहिला. एसी बंद करून बाजूला घ्यावी, बॉनेट उघडून थांबावं, हे मला माहीत होतं. पण मुहूर्त चुकेल, मागे ट्रक लागलेत, वर पोचलो की उतारच आहे, असं म्हणत मी गाडी तशीच रेटली. वर पोचलो तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. नंतर कळलं की पाण्याचा एक जुना पाइप चिरला होता. रबर कडक झालंय, बदला, असं भाऊ आधीच्या सर्व्हिसिंगला म्हणाले होते. तेव्हा मला वाटलं होतं, बिल वाढवतायत.

साताऱ्यात कुणाकडून तरी पाइप बदलून घेतला, नळाचं पाणी भरलं आणि परत आलो. दोन-तीन आठवड्यांनी गाडी सकाळी उठायला कुरकुर करायला लागली. सुरू झाली की पांढरा धूर सोडायची. पाणी कमी व्हायचं, खाली मात्र एक थेंब पडलेला नसायचा.

भाऊंनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “साहेब, गरम-बिरम झाली होती का कधी?”

“नाही हो,” मी म्हणालो. इतक्या सहज, की मलाच ते खरं वाटलं.

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून काम सुरू केलं. नोझल उतरवून पंपवाल्याकडे पाठवले, फवारा बारीक पडतो की थेंब गळतो ते तपासून आणलं. हीटर तपासले. त्यात दोन दिवस गेले. तरी पांढरा धूर जाईना, तेव्हा ते म्हणाले, “हेड उतरवावं लागेल.”

हेच शब्द ऐकायची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो. हेड उतरवणं म्हणजे मोठं बिल. आला जातीवर, असं मनात म्हणून मी म्हणालो, “उतरवाल तेव्हा मी इथे हजर राहणार.”

“या की,” ते म्हणाले. “स्टूल देतो.”

त्या दिवशी स्टुलावर बसून मी जे पाहिलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. हेड निघालं. भाऊंनी ते डिझेलनं धुतलं, त्याची खालची बाजू जुन्या गॅस्केटचे कण राहू नयेत म्हणून खरवडून, पुसून लखलखीत केली आणि टेबलावर उलटं ठेवलं. मग एका कापडात गुंडाळलेली पोलादी पट्टी काढली. तिच्यापुरते त्यांनी हात साबणानं धुतले. पट्टी हेडवर आडवी, काठावर उभी धरली आणि पलीकडे बॅटरी लावायला पोराला सांगितलं. मला म्हणाले, “वाका. पट्टीच्या खाली बघा.”

दोन्ही टोकांना पट्टी हेडला चिकटलेली होती. मध्ये, तिसऱ्या सिलिंडरच्या आसपास, उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती.

त्यांनी खिशातून फीलर गेज काढलं. पातळ पोलादी पानांचा जुडगा, प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली. एक पान निवडून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. “घाला तुम्हीच.” पान त्या रेघेतून सहज पलीकडे गेलं. त्यांनी त्याहून जाड दिलं. तेही गेलं. या पृष्ठभागात वहीच्या कागदाच्या जाडीइतकाही फरक चालत नाही. अशा इंजिनांत हेड बहुधा ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टांनी जखडलेलं हेड प्रमाणाबाहेर तापलं तर वाकण्यावाचून त्याला दुसरी वाट नसते. मग गॅस्केट फुटतं, पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं.

“काटा वर गेला होता, साहेब,” भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, ‘पकडलं’ असा भावही नव्हता. “कुठे ते तुम्हाला माहीत.”

माझ्या हातात ते पान तसंच होतं. आयुष्यभर मी लोकांसमोर कागद ठेवून म्हणत आलो होतो, हे बघा, तुम्हीच वाचा. आज पुरावा माझ्या हातात देऊन तो मलाच वाचायला लावला होता. खोटं बोलायला अजूनही जागा होती. गाडी मुलानं नेली असेल, काट्याकडे लक्ष नसेल, असं काहीही चाललं असतं. पोरगा बॅटरी धरून उभाच होता.

“खंबाटकीत,” मी म्हणालो. “तशीच वर चढवली.”

“हां,” ते म्हणाले आणि लगेच पोराला हाक मारली, “हेड नुसतं फेसिंगला नको, प्रेशर टेस्टिंगला पण दे. क्रॅक बघायला सांग.” मग माझ्याकडे वळून, “आधी बोलला असता तर नोझल खोललेच नसते. दोन दिवस वाचले असते. तुमचे पैसे पण.”

बस, एवढंच. नोझल तपासायचे जे पैसे त्यांनी ‘लावले’ असं मी घरी सांगत होतो, ते माझ्या खोटेपणाचे होते. त्यांनी विचारलं होतं ते मला आरोपी करायला नव्हे, कुठून सुरुवात करायची ते ठरवायला. या सगळ्या व्यवहारात फसवणूक झाली होती हे खरंच होतं. फक्त फसवणारा मी होतो.

मी खोटं का बोललो, याचा मी बराच विचार केला. माहिती दिली की समोरचा तिचा फायदा घेणार, ही भीती होती. पण तेवढंच कारण पुरेसं नाही. डॉक्टरांना मी पथ्य मोडल्याचं सांगतो, मान खाली घालून सांगतो. मग इथेच का नाही? कारण ऑइलनं मळलेल्या कपड्यांतल्या माणसासमोर चूक कबूल करायची म्हणजे त्याला आपल्यापेक्षा वरचा मानायचा, आणि त्याची माझी तयारी नव्हती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण याहून सौम्य कारण शोधलं तर ते पुन्हा खोटं होईल.

हेड फेसिंग होऊन आलं, क्रॅक नव्हता. बसवताना मी पुन्हा स्टुलावर होतो, या वेळी नुसता बघायला. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, आळीपाळीनं, टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं आवळत नेतात. एकदम एका बाजूनं आवळले तर नवीन गॅस्केटही नीट बसत नाही. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी. आधी एअर फिल्टर बघायचा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा-पिस्टनकडे बघायचं. पांढरा मला पाठच झाला होता. मी ज्याला गाडीचं म्हातारपण म्हणत आलो त्यातलं निम्मंअधिक माझी हयगय होती. पाइप, कूलंट, फिल्टरमधलं पाणी, हीटरचा दिवा. यांतल्या कशाचाही गाडीच्या जन्मतारखेशी संबंध नव्हता.

पण म्हणून जुनी गाडी जपणं म्हणजे पुण्यकर्म, असंही मी म्हणणार नाही. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्येच जाहीर केलंय. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-सहा लागू झालं. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, माझ्या गाडीत तो नाही आणि कुठलाही पाना तो तिथे आणू शकत नाही. पीयूसी मिळते. पण ती गाडीला तिच्या काळाच्या निकषांवर पास करते, आजच्या नव्हे.

हे मी भाऊंनाच विचारलं. “ठेवू की काढू?” गाडी ठेवली तर त्यांचं गिऱ्हाईक टिकणार होतं.

“शहरात दूध-भाजीला काढू नका,” ते म्हणाले. “इंजिन गरम व्हायच्या आत घरी येता, तिलाही ते वाईट आणि मागच्या स्कूटरवाल्यालाही. बाहेरगावी न्या. पुढच्या पासिंगला आपण खरं खरं बघू. धूर राहिला, तर स्क्रॅपला द्या. मी स्वतः सांगेन.”

पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी मी जुन्या सहाशे रुपयांत उरकली होती. एप्रिल २०२२ मध्ये त्याचेच पाच हजार झाले, पर्यावरण कर वेगळा. तेव्हा पुढच्या वेळी पैशांचा हिशेब गाडीच्या विरुद्धच जाईल. निर्णय मात्र त्या आकड्यावर घ्यायचा नाही, एवढं ठरवलंय. गाडी कशी आहे ते भाऊ सांगतील, ती कशी चालवली ते मी सांगेन आणि मग ठरवू.

गाडीच्या कप्प्यात आता एक वही आहे. कधी काय बदललं ते तिच्यात आहेच. शिवाय कुठे चुकलो तेही आहे. फिल्टरमधलं पाणी सोडायचं राहिलं, असं तारखेसकट लिहिलेलं भाऊंनी वाचलं आणि ते हसले. खुणा करायचं मार्कर पेन गेलं. बिल मात्र मी अजूनही ओळ न् ओळ तपासतो. हाताची सवय जात नाही. परवा बेरजेत एक चूक सापडली. एक गॅस्केट बेरजेत धरायला विसरून त्यांनी कमी पैसे घेतले होते. मी ते लगेच सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. घरी आलो, जेवलो, आणि संध्याकाळी फोन केला.