आटे कोणी घालवले?

आजची नोंद पिकाची नाही, स्कूटरची आहे. पण पेट्रोलवरचा फवारणी पंप वापरणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमची जुनी टू-स्ट्रोक चेतक अजून रोज डेअरीला दुधाचं कॅन नेते. मागच्या आठवड्यात पोरगं दूध घालून येताना फाट्कन आवाज झाला आणि गाडी बंद. डिक्की उघडली तर प्लग हेडमधून निघून वायरला लोंबकळतोय. भोकातले आटे साफ गेलेले. मी डेअरीवर चारचौघांत पोराला बोललो, "परवा प्लग तूच साफ केलास, नीट बसवला नाहीस." तो गप्प बसला.

किकही हलकी लागत होती, म्हणून इंजिनच खोलायला दिलं. रिंगा घासल्या होत्या, त्या बदलल्या. फिटरनं हेड उजेडात धरून दाखवलं. सुरुवातीचे आटे तिरके कापलेले. म्हणाला, "काका, हे कालचं नाही. कधीतरी प्लग तिरका धरून जबरदस्तीनं आवळलाय. तेव्हापासून नुसता अडकून होता."

मग आठवलं. उन्हाळ्यात भर रस्त्यात प्लग काळा पडला होता. इंजिन तापलेलं, दूध नासायची धास्ती. घाईत मीच प्लग घातला आणि पान्याला पाइप लावून आवळला. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. आटे कोणाचे जाणार, हे सांगायला नको.

हेड फेकावं लागलं नाही. भोकात मोठे आटे पाडून त्यात स्टीलच्या तारेचं हेलिकॉइल बसवलं. आत परत 14 मिलिमीटरच्या प्लगचे आटे तयार. हे काम हेड उतरवूनच करावं, नाहीतर कीस बोअरमध्ये पडून चरे पडतात. मग जाड काचेवर पाण्याचा पेपर ठेवून हेडची बसायची बाजू घासून सपाट केली. चार नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. प्लगभोवती साबणाचा फेस लावून किक मारली, बुडबुडा आला नाही.

पंपाचं हेडही बहुधा ॲल्युमिनियमचंच असतं, म्हणून एवढं पाळा:

- प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढा.
- आधी हातानं फिरवा. अडला तर काढून परत सरळ धरा, पाना लावू नका.
- हातानं पूर्ण बसल्यावर वायसरवाला नवा प्लग पान्यानं साधारण अर्धा फेरा, जुना पाव फेऱ्याच्या आत.
- पान्याला पाइप कधीच नाही.

संध्याकाळी पोराला सांगितलं, चूक माझी होती. तो हसला, म्हणाला, "मला माहीत होतं, पाइप मीच आणून दिला होता."

डेअरीवरच्या ज्या चौघांसमोर त्याला बोललो, ते हे पान वाचतात. म्हणून इथंच लिहिलं.